चौथ्या गाण्यातली चिरकलेली जागा

आम्ही दोघी मैत्रिणी आमच्या मोहल्ल्यात, रामबागेत, एकाच बाईंकडे गाणं शिकलो. गळा माझा चांगला, असं सगळेच म्हणायचे, तीसुद्धा. गणेशोत्सवातल्या स्पर्धेत बक्षीस माझं ठरलेलं असायचं आणि तिला बाई सांगायच्या, "आधी सुरात ये, मग कलाकारी कर." पुढे मी देपालपूरच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागले. ती मुंबईला गेली आणि जाहिरातींना आवाज देत राहिली. गेल्या हिवाळ्यात तिचा स्वतःचा अल्बम आला. शब्द, चाली, गाणं, सगळं तिचंच.

देपालपूरच्या बसमध्ये इयरफोन लावून मी तो ऐकायला घेतला, खरं तर चुका काढायलाच. पहिल्या गाण्याला धड मुखडाच नव्हता. दुसऱ्यात तबल्याच्या जागी मसाला कुटायचा ठेका आणि मधूनच तिच्या आईची भाजीवाल्याशी घासाघीस, "भिया, ठीक लगाओ ना, रोजची आहे मी." मला हसू आलं आणि पाठोपाठ रागही. काकूंच्या त्या स्वयंपाकघरात मीही तासन्‌तास बसले होते. हाच आवाज मीही ऐकला होता. त्याचं गाणं होईल, असं मला कधी वाटलं नाही.

चौथ्या गाण्यात तिचा आवाज वर जाता जाता चिरकतो. ती तो सावरत नाही. तशाच फाटक्या आवाजात पुढे जाते आणि मागून व्हायोलिनं येऊन तिला उचलून धरतात. अंगावर सरसरून काटा आला. शाळेचा स्टॉप आला तरी मी बसूनच. "मॅडम, उतरना नहीं है क्या?" कंडक्टर म्हणाला तेव्हा भान आलं.

घरी खोलीचं दार लावून ती ओळ गाऊन पाहिली. पुनःपुन्हा. आवाज चिरकतच नव्हता. ऐन जागी गळा आपोआप सुरावर येऊन बसायचा, स्वच्छ, गुळगुळीत, शाळेच्या प्रार्थनेसारखा. बाहेरून नवरा म्हणाला, "वा! तिच्यापेक्षा तूच छान गातेस." मला रडूच फुटलं.

रविवारी तिचा फोन आला. "ऐकलंस? एकदम खरं सांग हं."

"ते चौथं गाणं केलं नसतंस तर बरं झालं असतं."

"इतकं बेकार झालंय?"

"बेकार असतं तर शांत झोपले असते ना! जळतेय मी तुझ्यावर."

 ती म्हणाली, "अरे यार, ती जागा मी तुझ्यासारखी घ्यायला बघत होते. जमेचना. शेवटी वैतागून जशी आली तशी ठेवली."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट आणखीच झोंबलं. न जमलेलं तसंच लोकांपुढे ठेवायची हिंमत तिच्यात होती, माझ्यात नव्हती. तिला तसं बोलले नाही. नुसतं म्हटलं, "चांगलं केलंस." ते मात्र मनापासून.

फोन ठेवला आणि पाचवं गाणं लावलं. तोवर चौथ्याच्या पुढे मी गेलेच नव्हते.