सुमनबाईची तीन पावलं

झरी गावात सुमनबाईला मोकळ्या कमरेनं कुणी बघितलंय, असं गेल्या सहा महिन्यांत झालं नाही. दळण टाकायला जायचं तरी नातू योगीराज कडेवर, नळाला पाणी आलं तरी योगीराज कडेवर. लेकरू वीस महिन्यांचं, अंगानं चांगलं भोपळ्यासारखं, आणि सुमनबाई साठी ओलांडलेली. चालताना डावीकडं अशी कलायची, की बघणाऱ्यानंच आपली कंबर धरावी.

"अगं, सोड की खाली घडीभर," शेजारची सत्यशीला म्हणायची. "माती काय चावायलीय का त्याला?"

"तुला कामून वजन व्हायलंय त्याचं?"

"मला न्हाई बाई. पर उद्या तुझी कंबर गेली तर तुला कडेवर कोण घेणार? माझ्याकडं बघू नको, आदीच सांगते."

सुमनबाई हसायची. हसणं तिला चांगलं यायचं, चाळीस वर्षं तिनं त्याच्यावरच निभावून नेली होती. पण नातू अजून चालत नाही, असं कुणी म्हटलं की ती पदर सावरत घराकडं वळायची. कारण योगीराज चाललेला आहे, हे घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

चालला म्हणजे तीन पावलं. तेव्हा त्याला चौदावा महिना सरत होता. सून अपेक्षा परभणीला साड्यांच्या दुकानात कामाला, सकाळच्या एसटीनं जायची ती दिवेलागणीला यायची. मुलगा महारुद्र शेतात. सुमनबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. पोरानं खांब धरून उभं राहून बघितलं, मग खांब सोडला आणि दोन्ही हात वर करून, हसत हसत, आजीकडं आलं. एक. दोन. तीन.

दुसरी आजी असती तर तिनं गल्ली गोळा केली असती. सुमनबाईनं सूप लोटलं, झडप घालून पोराला उचललं आणि घरात नेऊन दाराला कडी लावली. पोरगं भिऊन रडलं. तिनं त्याचे तळपाय पदरानं पुसले, पुन्हा पुसले. माती पुसली म्हणजे पावलंही पुसली जातील, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

ह्याच ओसरीवर आणखी एक पोर तीन पावलं चालली होती. रुख्मिणी, सुमनबाईची पहिली लेक. महारुद्राच्या दहा वर्षं आधीची. सुमनबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, सगळ्याचं कौतुक वाटायचं वय. रुख्मिणीच्या पायात चांदीचे वाळे होते. छुम, छुम, छुम, आणि बदकन बसली. घरात रीत होती, लेकरानं पहिलं पाऊल टाकलं की गुळाच्या पुऱ्या तळून गल्लीत वाटायच्या. सुमनबाईनं दुसऱ्याच दिवशी परातभर तळल्या आणि लेकीला कडेवर घेऊन घरोघर हिंडली. "माझी रुखमी चालायली बरं का!" दोन गल्ल्या जास्तीच्याच फिरली.

आठव्या दिवशी पोरीला ताप भरला. उतरला तो दोन्ही पायांतला जीव घेऊनच उतरला. पाय नुसते लोंबायचे, पिळलेल्या फडक्यासारखे. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं नजर लागली. सासू म्हणाली, "एवढं मिरवायचं तरी कशाला होतं?" आणि तेच सुमनबाईच्या काळजात रुतून बसलं. साडेचार वर्षांची होऊन रुख्मिणी खोकल्याच्या दुखण्यानं गेली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याला बहीण होती, हे महारुद्राला आजतागायत माहीत नव्हतं. तो चालायला शिकला पालमला, मामाच्या घरी. ही ओसरी नाही, पुऱ्या नाहीत. म्हणूनच तो सुखरूप राहिला, असं सुमनबाईनं धरून ठेवलं.

वाळे तिनं ट्रंकेत तळाला ठेवले. आवाज मात्र ट्रंकेत राहिला नाही. भर दुपारी घर सामसूम असलं की ओसरीवर वाजायचं. छुम, छुम, छुम. सुमनबाई हातातलं काम थांबवून चौथ्याची वाट बघायची. इतक्या वर्षांत चौथं कधी वाजलं नाही.

तर तिनं ठरवलं, आठ दिवस. आठ दिवस पोराला खाली सोडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आठाचा महिना झाला, महिन्याचे सहा झाले. पोरगं उतरायला धडपडलं की ती उचलायची, चमच्यानं गूळ चाटवायची, अंगणातली चिमणी दाखवायची. हळूहळू ते धडपडायचंच थांबलं. आता उभं करायला गेलं तर पाय पोटाशी ओढून घ्यायचं आणि हात वर करायचं, घे म्हणून. तेव्हा मात्र सुमनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नजरेपासून वाचवता वाचवता आपणच ह्याचे पाय घेतले की काय?

तिकडं अपेक्षा स्वतःलाच खात होती. रविवारी लेकराला सतरंजीवर ठेवून टाळ्या वाजवायची, ते बसल्या जागी आजीकडं हात करायचं.

"माझंच चुकलं, मामी," ती म्हणायची. त्यांच्यात सासूला मामीच म्हणतात. "मी कामाला जायलेय म्हणून असं झालं. दूधबी लवकर तोडलं मी त्याचं."

"तसं नसतं गं," सुमनबाई म्हणायची, आणि पुढचं गिळायची.

शेवटी सगळे परभणीला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी योगीराजचे गुडघे छोट्या हातोडीनं ठोकून बघितले, पोटऱ्या दाबल्या.

"पूर्वी कधी धरून उभा राहायचा का? एखादं पाऊल टाकलं आणि मग बंद झालं, असं काही?"

"न्हाई मॅडम," अपेक्षा म्हणाली. "कधीच न्हाई."

"घरात कुणाला पायांचं काही दुखणं?"

"कुणालाच न्हाई," महारुद्र म्हणाला.

बाई जरा वेळ लिहीत राहिल्या. "मग तपासण्या कराव्या लागतील. त्या इथं होत नाहीत, मोठ्या शहरात जावं लागेल. पायांत सुया टोचून बघतात. लेकराला त्रास होईल, पण कळायला हवं."

अपेक्षानं डोळ्याला पदर लावला. सुमनबाईनं मांडीवरचे ते दोन पाय हातात धरले. आणि तिला वाजलेलं ऐकू आलं. तिथं, फरशीवर, खुर्च्यांच्या मागं, छुम, छुम, छुम.

"हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकीला होतं."

महारुद्रानं मान वळवली. "कोणत्या लेकीला, माय?"

मग तिनं सगळं सांगितलं. वाळे, पुऱ्या, ताप. आणि खाली बघत योगीराजची तीन पावलंही सांगितली, कडी लावली तीसुद्धा.

"ताप आला, आणि मग पाय लुळे पडले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आजी, तो पोलिओ असणार. त्या काळी गावोगाव होता."

पोलिओ सुमनबाईला काय नवा? योगीराजला डोस पाजायला दर वेळी तीच तर घेऊन गेली होती, त्याच्या बोटाची शाई सगळ्यांना दाखवली होती. पण हे नाव तिच्या रुखमीच्या तापाचं आहे, असं चाळीस वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे पुऱ्यांनी न्हाई?" तिनं विचारलं.

"पुऱ्यांनी नाही, आजी."

बाईंनी पोराला पुन्हा तपासलं. "पायांत ताकद आहे. ह्याला जमीन द्या. दीड महिना बघू. नाही चालला तर मात्र जावंच लागेल."

परतीच्या एसटीत अपेक्षा खिडकीकडं तोंड करून बसली. अर्धी वाट गेल्यावर म्हणाली, "सा महिने, मामी. मी रडायलेय अन् तुमी बघायलाव."

झरीला उतरल्यावर अपेक्षानं लेकरू स्वतःच्या कडेवर घेतलं. सुमनबाई मागून चालली, रिकामी, तरी डावीकडंच कललेली.

पुढचे दिवस फार कठीण गेले. अपेक्षा सकाळी जाताना एवढंच म्हणायची, "खालीच सोडायचं." सुमनबाई ओसरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची, म्हणजे ते आपसूक उचलायला जाऊ नयेत. पोरगं रडायचं, हात करायचं. ती म्हणायची, "ये की इकडं, लग्नातबी काय माझ्या कडेवर बसून जाणार?" आणि गालावरून पाणी वाहायचं. पंधरा दिवसांनी त्यानं खांब धरला. त्या संध्याकाळी अपेक्षा घरी आल्या आल्या तिनं ते सांगितलं, काही न लपवता. अपेक्षानं खांबावरून हात फिरवला. मग म्हणाली, "वाळे हायेत का अजून? घाला त्याला."

महिना उलटला त्या रविवारी, सगळ्यांच्या देखत, योगीराजनं खांब सोडला. छुम. छुम. छुम. सुमनबाईनं डोळे गच्च मिटले.

छुम.

महारुद्र ओरडला, सत्यशीला भिंतीवरून ओरडली. अपेक्षानं सासूच्या दंडाला धरलं. "पुऱ्या करायच्या ना, मामी?"

सुमनबाईनं पुऱ्या लाटल्या. लाटताना लक्ष सारखं पोराच्या पायांकडं, एकही गोल झाली नाही. गल्लीत तीच वाटायला गेली, पण योगीराज चालला असं तोंडानं म्हणवलं नाही तिला. नुसती पुरी पुढं करायची.

"काय गं, मुकी झालीस का?" सत्यशीला म्हणाली. "आन् ही काय पुरी हाय का नकाशा?"

नंतरचे आठ दिवस ती रोज उठल्याबरोबर पोराच्या कपाळाला हात लावायची. गार लागलं तरी पुन्हा लावायची. आठवा दिवस गेला, नववा उजाडला. कपाळ गारच.

त्या दुपारी योगीराज घरात झोपला होता, पायांतले वाळे काढून उशाशी ठेवलेले. सुमनबाई ओसरीवर एकटीच शेंगा फोडत बसलेली. आणि वाजलं. छुम, छुम, छुम.

तिनं सूप बाजूला ठेवलं. ह्या वेळी ती दचकली नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"ये गं रुखमी," ती हळूच म्हणाली. "अजून एक टाक."