जमिनीलगतचा क्लोरीन

जळगावच्या एमआयडीसीत मी शिफ्ट इंजिनिअर होते. गरम पाण्याच्या नळांना लागतं ते प्लॅस्टिक आम्ही बनवत असू. पीव्हीसीची भुकटी पाण्यात घोळवायची, तो घोळ पाइपातून सतत वाहता ठेवायचा आणि त्यात क्लोरीन सोडायचा. पाइपातला मिक्सर वायूचे बारीक बुडबुडे करतो; वायू भुकटीत मुरला की प्लॅस्टिक उष्णता सोसतं. न मुरलेला वायू बाहेर सोडण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या टॉवरमध्ये धुतला जातो.

त्या उन्हाळ्यात मिक्सर तुंबला आणि माल कच्चा येऊ लागला. मी प्लांटच्या साहेबांना म्हटलं, "थांबवून साफ करू या."

"थांबवायचं कशाला? गॅस वाढवा."

"आहे तोच मुरत नाहीये, साहेब. वाढवला तर सगळा टॉवरवर जाईल. तिथलं कॉस्टिकही संपत आलंय."

"मॅडम, हे पुस्तकात ठीक आहे."

मी क्लोरीनच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला न सांगता ऑपरेटरकडून तो उघडवला.

मी प्रयोगशाळेत होते. आधी वास आला, मग आरडाओरडा. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. आणि टॉवरमागच्या शेडमध्ये बायका जमिनीवर बसूनच गोण्या शिवायच्या. मी बटण दाबून प्लांट बंद केला, मास्क चढवला आणि तिकडे धावले. बाकीच्या गेटकडे पळाल्या होत्या. सगळ्यांत वयस्कर अक्का, जिला गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नसे, गोण्यांवर आडवी पडली होती. मी आणि ऑपरेटरने तिला उचलून बाहेर आणलं.

साहेब आले. पहिलं वाक्य, "प्लांट कोणी बंद केला?"

त्या क्षणी त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं. अजून वाटतं.

दवाखान्यात अक्का ऑक्सिजनची नळी सावरत म्हणाली, "तू कसाले रडस, माय?" तिला काय सांगू, की हे रडणं नुसत्या संतापाचं आहे!

पुढे मालकांसमोर साहेब म्हणाले, "त्या गोण्या शिवणाऱ्या बाईने मास्क काढून ठेवला होता."

मी उभी राहिले. "त्या शेडमध्ये मास्क कधी दिलेच नव्हते. आणि व्हॉल्व्ह तुम्ही उघडायला लावलात."

ऑपरेटर मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हो. साहेबांनीच सांगितलं."

मिक्सर साफ झाला, शेड लांब हलली, मास्क आले. बदली झाली ती माझी, धुळ्याच्या गोदामात. लोक म्हणतात, शेवटी चांगलंच झालं ना! काय चांगलं झालं? अक्का पाचोऱ्याला मुलीकडे असते. लसूण सोलतानाही तिला धाप लागते.

तिने कामगार न्यायालयात दावा लावलाय. साक्षीदार मी आणि ऑपरेटर. तारखेला मी एसटीने जळगावला जाते. साहेब समोरच्या बाकावर बसलेले असतात, ओळखीचं हसतात. मी हसत नाही.