सुलतान आधी गेला

मेघाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला चादरी उलगडून दाखवत होतो. ती एवढंच म्हणाली, "दादा, सुलतान गेला."

"कोण? बिजली म्हणायचं आहे का तुला?"

"नाही गा दादा. सुलतान. आपला सुलतान."

फोन बंद झाला तरी मी तो कानालाच धरून उभा. गिऱ्हाईक विचारत होतं, यात निळा रंग आहे का. मी हो म्हणालो आणि त्यांच्यापुढे लाल चादर ठेवली. खरं सांगायचं तर मला मेघाचा राग आला होता, कारण तिने घाईत चुकीचं नाव घेतलं असंच मला वाटत होतं. मरायला टेकली होती ती बिजली. महिनाभर आम्ही सगळे मनातल्या मनात तिचा निरोप घेत होतो. सुलतान तर त्याच दिवशी सकाळी फाटकाशी माझ्या खिशात नाक खुपसून बिस्किट काढून घेऊन गेला होता.

प्रताप नगरात आमची आणि नागसेन रामटेके यांची भिंत एक आहे. आमच्या बाजूला मी आणि माझी आई सखूबाई, त्यांच्या बाजूला काका आणि त्यांची मुलगी मेघा. काकांची नोकरी कन्हानकडच्या कोळसा खाणीत झाली. काकू वारल्यावर मेघा त्यांना नागपूरला घेऊन आली. ती शाळेची व्हॅन चालवते. काका सुरुवातीला दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे. कोणी बोललं तर बोलायचे, नाहीतर नाही.

मग ते पारशिवनीकडच्या एका लग्नाला गेले आणि तिथून दोन ग्रेहाऊंड, शिकारीचे लांब पायांचे कुत्रे, घेऊन आले.

मांडवामागे गुरांच्या कोठ्याशी ते दोघे तारेने बांधलेले होते. मालक त्यांना रानात सशांवर सोडायचा. मादीचा मागचा पाय एका शिकारीत मोडला होता आणि तसाच वाकडा सांधला होता. "आता हे कोन्या कामाची नाही. उद्या हिचा बंदोबस्त करतो," असं तो पाहुण्यांना सांगत होता. काकांनी हातातलं ताट खाली ठेवलं, तार सोडली, तिला उचललं आणि भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. मालक हसला फक्त. पण गाडी निघाली तशी दुसऱ्याने, नराने, तार तोडली. कच्च्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत तो गाडीच्या बरोबरीने धावत आला, खिडकीत बघत. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "काका, हे कुत्रं आहे का काय आहे?" काका ओरडले, "थांबव गा! मरून जाईन तो!" दार उघडल्याबरोबर तो आत चढला आणि मादीच्या अंगावर मान टाकून धापा टाकत पडला. त्याच्या गळ्यात तारेचा तुकडा रुतला होता.

मेघाने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडातून पहिलं वाक्य आलं, "बाबा, हे हरणं कुठून आणले?"

नावं काकांनीच ठेवली. मादी बिजली, नर सुलतान. काका त्यांच्यामागे असे लागले की आम्हीच थक्क झालो. हा माणूस एवढा बोलतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, कातडी कागदासारखी पातळ. फाटकाच्या कडीला नुसतं घासलं तरी फाटते. फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडतात, म्हणून काकांनी स्वतःची गादी दिली आणि आपण सतरंजीवर आले. मे महिन्यात कूलर त्यांच्यासाठी, आणि वर ओलं पोतं. फिरायला पहाटेच न्यायचं आणि दोरी कधीच सोडायची नाही, कारण मांजर दिसलं की ते डोळ्यांदेखत दिसेनासे होतात. रस्त्यात हमखास कोणीतरी टोकायचं, "काका, याइले खायले देत नाही काय? हाडं दिसून राहिले." काका थांबून प्रत्येकाला समजावायचे.

माझ्या आईला कुत्र्यांचा तिटकारा. उमरेडला आमच्या घरात माग होता, आणि पसरलेल्या सुताच्या ताण्यावरून एकदा कुत्रं चालून गेलं होतं, तो राग तिच्या मनात अजून होता. पण पहिल्या थंडीत बिजली ओट्यावर उभी राहून पानासारखी थरथरत होती. आईने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी जुनी घोंगडी काढली, कात्री घेतली, आणि बिजलीला जवळ बोलावून तिच्या पाठीचं माप घेतलं. "माणसाचा सदरा सोपा वं मेघा," ती म्हणाली. "याइची छाती एवढी मोठी अन् कंबर नाहीच." दोघांचे कोट झाले. सुलतानला कोट घातला की तो तासभर हलायचाच नाही, नवरदेवासारखा उभा राहायचा.

तीन वर्षं अशी गेली. या वर्षी पावसाळा संपता संपता बिजलीने खाणं कमी केलं. एका सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं, थेंब थेंब नाही, धार. पांढऱ्या फरशीवर ते लालभडक दिसलं. मेघाने तिला तशीच उचलून व्हॅनमध्ये घातलं.

डॉक्टर मधुवंती म्हणजे आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं. गोचिडाचा ताप. एखादी गोचीड कधीतरी चावून गेली असणार. आता रक्त गोठायचंच थांबलं होतं. "गोळ्या सुरू करू," त्या म्हणाल्या, "पण गोळ्यांचा असर होईपर्यंत ती टिकली पाहिजे. रक्त द्यावं लागेल. दुसरा आहे ना तुमच्याकडे?"

मी त्या दिवशी सोबत होतो. सुलतानच्या मानेवरचे केस काढले, सुई लावली. त्याला कोणी धरलं नव्हतं. त्याने उभ्यानेच आपलं सगळं वजन काकांच्या मांडीवर टाकलं, त्याची सवयच होती ती, आणि पिशवी भरेपर्यंत तो तसाच टेकून राहिला. शेजारच्या टेबलावर बिजलीच्या पायात तेच रक्त जाऊ लागलं. काका एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. "हा तिचा भाऊ नाही, कोनी नाही," ते मला म्हणाले. "पाय कसा मजबूत रोवून उभा राहिला बघ."

त्यानंतरचे दिवस सगळे बिजलीचे होते. तिला उकडलेल्या अंड्यात गोळी लपवून द्यायची, हिरड्या पांढऱ्या पडल्या का बघायचं, उचलून अंगणात न्यायचं, लघवीत रक्त आहे का बघायचं. काका तिच्याशेजारी झोपायचे. आई आमच्या घरून कोंबडीचं पाणी करून पाठवायची. बिजली कधी दोन घास खायची, कधी तोंड फिरवायची. मेघाने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, हे गेली तर बाबाचं काय होईन?" आम्ही तेवढाच विचार केला होता. सुलतान उरलेलं सगळं खायचा, बिजलीचं भांडं चाटून पुसायचा आणि दारात पाय पसरून झोपायचा. त्याच्याकडे बघायचं काही कारणच नव्हतं.

तो दिवस कसा गेला ते मला आईने आणि मेघाने सांगितलं. दुपारी जेवून सुलतान झोपला होता. उठला तो अंगणात फेऱ्या मारू लागला. एका कोपऱ्यात जायचा, मान खाली घालून ओकल्यासारखं करायचा, पण बाहेर काही यायचं नाही. नुसता फेस. परत दुसऱ्या कोपऱ्यात. आईने भिंतीवरून हाक मारली, "नागसेनभाऊ, त्याले काही होऊन राहिलं काय?" काका बाहेर आले आणि त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट ढोलासारखं टणक झालं होतं. या कुत्र्याचं पोट पाठीला लागलेलं असायचं.

काकांनी मेघाला फोन केला. ती शेवटच्या मुलाला सोडत होती. व्हॅन दारात येईपर्यंत सुलतान उभा होता. तो बसतच नव्हता. शाळेच्या मुलांच्या सीटवर त्याला आडवं घातलं. एका मुलाची पाण्याची बाटली खाली पडली होती, ती सगळ्या रस्त्याने गडगडत होती, असं मेघा नंतर सांगायची. तिला त्या प्रवासातला तेवढाच आवाज आठवतो.

डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. पोटाला आतून पीळ पडला होता. त्यांनी नळी घालून पाहिली, ती आत जाईना. ऑपरेशनची तयारी सुरू झाली. सुलतान टेबलावर काकांच्या हाताला टेकून होता. मग टेकणं सुटलं. डॉक्टर छाती दाबत राहिल्या, बराच वेळ. मग त्यांनी हात काढले.

मी पोहोचलो तेव्हा काका त्यांच्यासमोर उभे राहून अगदी शांतपणे समजावत होते, एखाद्या कारकुनाने चुकीची फाईल काढली असावी तसे.

"मॅडम, हा बिमार नाही. बिमार घरी आहे."

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले.

"तिचं नाव बिजली. तुम्ही तिचा इलाज करून राहिले. हा तर चांगला आहे. सकाळी फिरून आला माह्यासोबत."

"बाबा," मेघा म्हणाली.

"थांब वं तू. मॅडमले समजून नाही राहिलं."

मी सुलतानकडे बघितलं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. मानेवर केस काढलेल्या जागी नवे केस नुकते येऊ लागले होते, मखमलीसारखे. मला तिथे हात ठेवायचा होता, तो पुढे जाईना. काकांनीही तीच जागा बघितली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम बदलला. "रक्त काढलं म्हणून तर नाही झालं?"

"नाही काका," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते रक्त कधीच भरून आलं होतं. खोल छातीच्या कुत्र्यांना हे होतं. चांगल्या धडधाकट कुत्र्यांना. काही तासांत होतं. आधी कळायला काही मार्ग नसतो."

"कोनालेच?"

"कोणालाच."

काकांनी मान हलवली. पण त्यांना ते पटलं नव्हतं, हे दिसत होतं. माणसाला कोणाचा तरी दोष सापडला तर बरं वाटतं. इथे तो नव्हताच.

शहराबाहेर माझा एक रिकामा प्लॉट आहे. उजेड असेपर्यंत आम्ही तिथे खड्डा खणला. आईने सुलतानचा कोट पाठवला होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही त्याला तो घातला. मेघाने हळू आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं. काका खड्ड्याच्या कडेला उभे होते, पण ते रस्त्याकडे बघत होते. माती टाकून झाल्यावर म्हणाले, "चला, त्याच्या जेवनाची वेळ झाली." मेघाने फावडं उचललं. घरी जाऊन त्यांनी खरंच दोन भांडी भरली. एक बिजलीपुढे ठेवलं. दुसरं हातात घेऊन ते ओसरीत उभे राहिले, आणि मेघाने ते हळूच काढून घेतलं.

काका रडले नाहीत. शेजारी भेटायला आले, त्यांना चहा दिला. कोणी विचारलं तर सांगायचे, "पोटाले पीळ पडला." जसं दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं. पहाटे उठून दोन दोऱ्या घ्यायचे, एक खुंटीला परत लावायचे. मेघा मला म्हणाली, "दादा, बाबा रडले असते तर बरं वाटलं असतं. मले त्याइची भीती वाटून राहिली."

आणि बिजली, जी जायची होती, ती बरी होत होती. हिरड्यांना रंग आला. ती स्वतःच्या पायावर अंगणात जाऊ लागली. प्रत्येक कोपरा हुंगायची. व्हॅन आली की लंगडत फाटकापाशी जायची, मेघा उतरली तरी दाराकडेच बघत राहायची, अजून कोणीतरी उतरायचं आहे अशी.

ही कुत्री सहसा भुंकत नाहीत. तीन वर्षांत आम्ही बिजलीचा आवाज ऐकला नव्हता. पाय मोडला तेव्हाही ती ओरडली नव्हती, असं तो लग्नातला मालक म्हणाला होता. एका दुपारी, मी जेवायला घरी आलो होतो, भिंतीपलीकडून एक आवाज आला. आधी मला वाटलं सायरन आहे. मग तो लांबला, वर चढला, तुटला आणि पुन्हा सुरू झाला. आईच्या हातून वाटी पडली. गल्लीतली माणसं बाहेर आली. मी धावत गेलो.

बिजली अंगणाच्या मधोमध उभी होती, मान आभाळाकडे, डोळे मिटलेले. तिच्या सगळ्या फासळ्या हलत होत्या. काका दारात उभे होते, तोंड उघडं. जणू तो आवाज आपल्याच घरातून येतोय, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. ते पायऱ्या उतरले, तिच्यापाशी गेले आणि मातीत बसले.

"काहून वं?" ते म्हणाले. "काहून?"

ती थांबली नाही. मग काकांनी तिच्या मानेत तोंड घातलं, आणि त्यांचाही आवाज निघाला. त्या वयाच्या माणसाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. लोक फाटकाशी घोटाळले. माझ्या आईने सगळ्यांना हाताने जा म्हणून सांगितलं, आणि फाटक ओढून घेतलं.

त्या रात्री बिजलीने पहिल्यांदा भांडं पूर्ण संपवलं. काकाही जेवले, मेघाने सांगितलं.

आता थंडी पडली आहे. बिजलीची तपासणी ठीक आली. गोळ्या बंद झाल्या. ती पुन्हा कधी तशी ओरडली नाही. काकांना दुसरा कुत्रा आणा म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचं ऐकून ते बिजलीची दोरी धरून पुढे चालू लागतात. पण कोणाच्याही हातात साखळी दिसली, की रस्ता ओलांडून त्याच्याशी बोलायला जातात.

परवा बागेत मी त्यांच्यासोबत होतो. एक मुलगी मोठ्या छातीचा काळा कुत्रा घेऊन चालली होती. काकांनी तिला थांबवलं. "बेटा, याचं पोट कधी फुगलं, अन् हा ओकायले पाहून राहिला पन काही येऊन नाही राहिलं, तर ओवा-बिवा देत बसू नको. सीधा डॉक्टरकडे ने. फोन करत करत ने."

मुलगी गोंधळली. "अंकल, याला काही झालेलं नाहीये. एकदम फिट आहे."

"हो," काका म्हणाले. "फिटच असते."

मी त्यांचा हात धरून त्यांना पुढे नेलं. वळून बघितलं तर ती मुलगी तिथेच थांबली होती. ती वाकली, आणि तिने कुत्र्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला.