पिकअपचा फाळका

मी मुळातच भित्रा माणूस. विहिरीत डोकावताना कठडा धरतो आणि एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून त्याच्याऐवजी स्वतःच पायाने ब्रेक दाबत राहतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून चिडवायची संधी कुणी सोडत नाही. अशा माणसावर गाडी निवडायची वेळ आली.

आमचा मंडपाचा धंदा. किन्हवलीत घरामागच्या शेडमध्ये बांबू, कापड, खुर्च्या आणि जेवणावळीचे मोठे टोप असतात. लग्नसराईत शहापूरपासून मुरबाडपर्यंत माल जातो. इतकी वर्षं भाड्याच्या पिकअपवर भागलं. मग एकदा ऐन लग्नाच्या दिवशी गाडीवाल्याने फोनच उचलला नाही, तेव्हा वडील म्हणाले, "बस झाला आता. सोताची गाडी घेव."

आमच्याकडे पिकअप नुसता माल वाहत नाही. आज बांबू, तर उद्या त्याच मागच्या उघड्या हौद्यातून माणसं माहेरी, जत्रेला, दवाखान्यात. पुढे केबिनमध्ये पुरुष बसतात, मागे हौद्यात बायका आणि पोरं. असं का, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

वडिलांना सिंगल केबिन हवी होती, म्हणजे पुढे दोघं-तिघं आणि मागे लांबलचक हौदा. डबल केबिनमध्ये मागेही एक बाक असतो, पाच जण आत बसतात, पण हौदा तेवढा आखूड होतो. मला डबल केबिनच हवी होती. पण का, असं विचारलं असतं तर 'भीती वाटते' याच्यापलीकडे उत्तर नव्हतं, म्हणून वडिलांच्या पसंतीला मान डोलावली.

टोकावड्याजवळच्या एका ढाबेवाल्याला त्याची जुनी सिंगल केबिन विकायची होती. मुलगी बघायला जावं तसे आम्ही सगळे गेलो: वडील, मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. रंग चांगला होता, इंजिनचा आवाजही बरा होता. ढाबेवाल्याने किल्ली दिली आणि तो गिऱ्हाईक बघायला आत गेला. वडील म्हणाले, "रिकामी गाडी कोनपन चढवल. भरून बघ."

भरायला बांबू नव्हते, माणसं होती. बायको आणि मुलगी मागे चढल्या. तिथेच एसटीची वाट बघत चार बायका उभ्या होत्या, त्याही आपल्या पाट्या घेऊन आनंदाने चढल्या. वडिलांनी मागची फळी, म्हणजे फाळका, वर करून कडी लावली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "आता कळल गाडीत दम किती हाय तो," ते म्हणाले. यात काही चुकतंय असं पुढे बसलेल्या आम्हा दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

घाटाच्या दिशेने पहिला चढ लागला. मी दुसरा गिअर टाकला, गाडी कण्हत चढू लागली आणि मागे धाडकन आवाज झाला. आरशात पाहिलं तर फाळका उघडून खाली लोंबत होता. बायका किंचाळत होत्या.

"थांबव रे!" वडील ओरडले.

थांबवायचं मलाही होतं. पण ब्रेक मारला तर धक्का बसेल, नाही मारला तर चढ सगळ्यांना मागे ओढतोय. गाडी मागे सरकली तर? कुठला पाय कुठे आहे ते कळेना. आरशात एक निळी चप्पल रस्त्यावर पडलेली दिसली. ती मुलीची होती. ती आरशात लहान लहान होत गेली.

गाडी कशी थांबली ते आजही सांगता येणार नाही. हँडब्रेक ओढला. वडिलांनी उडी मारून चाकामागे दगड लावला. मी मात्र उतरलो नाही. मागे जाऊन माणसं मोजायची माझी हिंमत नव्हती.

"बाबा, माझी चप्पल!"

तो आवाज ऐकला आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागे गेलो तर मुलगी हौद्याच्या अगदी काठावर, पाय बाहेर सोडून बसलेली. तिच्या फ्रॉकचा पट्टा बायकोच्या पदराला घट्ट बांधलेला होता. बायकोने एका हाताने बाजूचा गज धरला होता. पदर गाठीजवळ हातभर फाटला होता.

"ही गाठ कधी मारलीस?"

"बसतानाच. मागं बसलो का आमी पोरांना बांधतोच."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुमी पुढं असता, तुमाला कसं दिसल?"

शेजारची एक बाई पाटी सावरत म्हणाली, "गाडीवाल्यावर कोन भरोसा ठेवल गो!" आणि सगळ्या हसल्या. बाजूचा गज मात्र एकीनेही सोडला नव्हता.

मला रडू आलं, लाजही वाटली. घरातला भित्रा म्हणून मी मिरवत होतो, तेही पुढे, काचेच्या आणि दाराच्या आत बसून. यांनी इतकी वर्षं भीती पदराला बांधून नेली आणि एका शब्दाने सांगितली नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा वडिलांसमोर ठाम बोललो, "डबल केबिन घ्यायची."

"आन बांबू?"

"दोन खेपा करीन."

"लोक हसतील."

"हसू दे."

डबल केबिन आली. मुरबाडला एका हळदीला निघालो, तर शेजारीण आपल्या दोन वर्षांच्या पोराला काखेत घेऊन आली आणि न विचारता मागे हौद्यात चढू लागली. फाट्यापर्यंतच जायचं होतं तिला. मी म्हणालो, "मागं कोणी नाय बसायचं."

"गाडी आली नि मिजास आली काय रे?" ती तोंडावरच म्हणाली. पण बायकोने सरकून जागा केली आणि ती आत बसली.

दारं लावली. बायकोने मुलीला सीटबेल्ट घातला. मी आरशात पाहिलं, तेव्हा बंद केबिनमध्ये बसून शेजारीण पोराचा सदरा आपल्या पदराला बांधत होती. "आता कशाला?" मी म्हणणार होतो. बायकोने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

मी किल्ली तशीच ठेवून खाली उतरलो, मागे गेलो आणि रिकाम्या हौद्याचा फाळका दोनदा ओढून पाहिला. या वेळी मला कुणी चिडवलं नाही.