प्रिस्काबाईंच्या चौसष्ट बरण्या

प्रिस्काबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. चार जिने चढून आलेल्या त्या बाईला बोलायला दम उरला नव्हता. एका हाताने गुडघा दाबत त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत बरण्या.

"उन्नतीबाय तुम्हीच ना? नाताळाआधी विरारच्या प्रदर्शनात माझ्याकडून कोलंबीचं लोनचं घेतलं होतं."

"हो, छान आहे की."

"ती बरनी परत द्या. कोनी कोनी खाल्लं?"

मी म्हटलं, मीच खाल्लं, अर्धी बरणी संपली, कालसुद्धा भाकरीबरोबर घेतलं. हे ऐकून त्या पायरीवरच बसल्या. मग त्यांनी एकेक गोष्ट विचारली. पोट कसं आहे? गिळायला जड जातं का? समोरची वस्तू एकाची दोन दिसते का? असलं काही वाटलं तर उद्याची वाट पाहायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि घरी भरलेलं मासळीचं लोणचं खाल्लं होतं हे डॉक्टरांना आधी सांगायचं. एवढं सांगून त्यांनी माझा नंबर घेतला. पुढचे दहा दिवस रोज सकाळी आठ वाजता त्यांचा फोन यायचा. मला काहीही झालं नाही. पण त्या फोनांमुळे आमची ओळख झाली आणि पुढचं मागचं सगळं मला हळूहळू त्यांच्याकडूनच कळलं.

प्रिस्काबाई पाचूबंदरच्या. नवरा जॉन बोटीवर. लग्नापासून सत्तावीस वर्षं त्यांनी मासळी विकली. बंदरावर लिलावात माल उचलायचा, टोपली डोक्यावर घ्यायची आणि वसईच्या बाजारात दुपारपर्यंत उकिडवं बसायचं. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी ओझं आणि उकिडवं बसणं दोन्ही बंद केलं. घरी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सासूच्या हाताखाली शिकलेलं कोळंबीचं लोणचं त्यांनी काचेच्या बरण्यांत भरायला घेतलं. गावातल्या लोकांना आवडलं. त्यांचा धाकटा दीर एरॉल, त्याचं वसई गावात किराणा दुकान आहे, त्याने काही बरण्या फळीवर मांडल्या. त्या वर्षी डिसेंबरात त्यांनी चौसष्ट बरण्या केल्या. एक घरी ठेवली, थोड्या एरॉलच्या दुकानात गेल्या, बाकीच्या विरारच्या प्रदर्शनात दोन दिवसांत संपल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अक्षदा नावाच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बरणीचं झाकण घुमटासारखं वर आलं होतं. उघडल्यावर सोड्याच्या बाटलीसारखा आवाज झाला आणि तेलातून बुडबुडे आले. तिने ते खाल्लं नव्हतं. प्रिस्काबाईंनी घरी ठेवलेली बरणी काढून पाहिली. तिचंही झाकण फुगलेलं.

त्या तशाच उठून ओळखीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नुसतं पोट बिघडलं तर बरं म्हणायचं. बंद बरणीत वाढणारं एक विष असं असतं की ते माणसाचा श्वास थांबवतं, आणि त्याला वास असेलच असं नाही.

एरॉल म्हणाला, "वयनी, एकीची फुगली, तिला दुसरी वस्तू दे. बाकीच्यांना कशाला घाबरवतेस? एव्हाना सगल्यांनी खाऊन संपवलं असंल."

"संपवलं असंल तर त्यांना विचारायला पायजे. नसंल संपवलं तर आनायला पायजे."

"आनि उद्या तुझ्या हातचं कोन घेईल?"

"नको घेऊ देत."

मुलगी सेलिन कॉलेजात होती. तिने आईचा फोन घेऊन प्रदर्शनाच्या दोन दिवसांत कोणी कोणी पैसे पाठवले त्यांची नावं उतरवली. एकेचाळीस जण सापडले. रोख देणाऱ्यांचा पत्ता कसा लागणार? प्रिस्काबाई फादरांना भेटल्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरांनी जाहीर करायचं ठरलं. एरॉलची एवढीच विनंती होती की नाव घेऊ नये, नुसतं 'एका बाईंचं लोणचं' म्हणावं.

"नाव घेतल्याबिगर लोकांना कलनार कसं, कुठली बरनी ते?" प्रिस्काबाई म्हणाल्या. "माझं नाव घ्या, फादर. पाचूबंदरची प्रिस्का, हिरव्या झाकनाची बरनी."

नाव घेतलं गेलं तेव्हा त्या पुढून तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मान खाली घातली नाही, असं सेलिन सांगते. तोच मजकूर सेलिनने विरारच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर टाकला. कोणी आभार मानले, कोणी वाईट बोललं. एका गृहस्थांनी पोलिसांत जायची भाषा केली. प्रिस्काबाई त्यांच्याही घरी गेल्या, बरणी घेतली, पैसे परत केले आणि जिना उतरल्या. अकरा दिवसांत त्रेसष्ट बरण्यांचा पत्ता लागला. एक राहिली. कोणी आजारी पडल्याचं मात्र कुठूनही कानावर आलं नाही.

गोळा झालेलं लोणचं बंदरावर टाकायचं नाही, मांजरं खातील, हे त्यांना कळत होतं. काय करावं हे विचारायला त्या निर्मळजवळच्या वाडीत राहणाऱ्या विनयाताईंकडे गेल्या. विनयाताई बागायतदार घरातल्या, अन्नप्रक्रिया शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी बरण्या उघडायच्याही आधी उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवायला लावल्या आणि मग सगळं चुन्यासकट खोल पुरायला सांगितलं.

ते काम आटोपल्यावर प्रिस्काबाईंनी विचारलं, "मॅडम, माझं चुकलं कुठं? सासू असंच करायची. कधी काय झालं नाय."

"सासूबाई किती दिवस ठेवायच्या?"

"आठवडाभर. तेवढ्यात संपायचं."

"आणि तुम्ही महिनाभर बंद करून ठेवलंत. सिरका तेवढाच घातला होता?"

प्रिस्काबाईंनी खरं ते सांगितलं. दुकानातली काही गिऱ्हाइकं फार आंबट लागतं म्हणत होती, म्हणून त्या खेपेला सिरका निम्मा केला होता. वरून तेल जास्त ओतलं होतं, तेल सांभाळून घेईल म्हणून. शिवाय कोळंबी मोठी होती.

"तेल हवा अडवतं," विनयाताई म्हणाल्या. "पण काही जंतूंना हवा नकोच असते. झाकण घट्ट बसलं की त्यांचं फावतं. त्यांना रोखतो आंबटपणा, तोही कोळंबीच्या पार आतपर्यंत गेलेला."

"मला शिकवाल?"

"पुन्हा करणार आहात?"

"नीट येईपर्यंत विकनार नाय. पन करनार."

त्यानंतर आठ महिने प्रिस्काबाईंनी एकही बरणी विकली नाही. दर मंगळवारी त्या रिक्षाने वाडीत जायच्या. आंबटपणा मोजायचं पेनासारखं यंत्र त्यांनी घेतलं. आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट, आणि चार पूर्णांक सहाच्या वर गेला की धोका, हे त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. नुसत्या रसाचा आकडा खोटं समाधान देतो, कोळंबीसकट वाटून मोजायचं, हेही त्या शिकल्या. कोळंबी मोठी नको, मध्यम घ्यायची, तळून रात्रभर सिरक्यात ठेवायची. भरल्यावर झाकण लावून बरण्या उकळत्या पाण्यात ठरल्या वेळेपर्यंत ठेवायच्या. निवताना झाकणाचा मधला भाग टक् करून आत ओढला गेला पाहिजे. जिचा आवाज आला नाही ती बरणी बाजूला.

अडलं ते चवीपाशी. पहिल्या खेपेला लोणचं इतकं आंबट झालं की जॉनने बोटीवरून आल्यावर एक घास खाऊन पाण्याचा तांब्या मागितला. सिरका कमी करायचा नाही हे तर ठरलेलं. मग त्यांनी गूळ घातला, तो जास्त झाला. मिरची बदलली, लसूण आधी परतून पाहिला. सहा खेपा फुकट गेल्या. सातव्या खेपेला सेलिनने आपणहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तरीही त्या थांबल्या. त्या खेपेच्या वीस बरण्या कपाटात ठेवल्या आणि दर आठवड्याला एक उघडून मोजली. तीन महिने आकडा हलला नाही. मग नमुने तपासणीला पाठवले, परवाना काढला, प्रत्येक बरणीवर भरल्याची तारीख आणि खेपेचा क्रमांक घातला. कोणती बरणी कोणाकडे गेली याची वही सेलिन ठेवते.

जुनी सगळी गिऱ्हाइकं परतली नाहीत. ज्यांनी पोलिसांची भाषा केली होती ते तर नाहीतच. मी घेते, माझ्या कचेरीतल्या चौघीजणी घेतात. एरॉलने मध्यंतरी फळी मोकळी करून दिली, पण पहिले काही महिने तो खेपेचा कागद पाहिल्याशिवाय माल ठेवत नसे. प्रिस्काबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "तेच बरं," एवढंच म्हणाल्या.

गेल्या ऑक्टोबरात मी बरण्या आणायला पाचूबंदरला गेले होते. ओट्याशी उंच स्टुलावर बसून त्या मोजमाप करत होत्या. सेलिनने आकडा वाचला, "चार पूर्णांक चार. चालेल, आई. चार पूर्णांक सहाच्या खाली आहे."

"चार पूर्णांक सहा कायद्याचा," प्रिस्काबाई म्हणाल्या. "माझा चार पूर्णांक दोन."

"तीस बरण्या आहेत."

"असू देत."

त्यांनी त्या खेपेच्या पानावर आडवी रेघ मारली आणि मला म्हणाल्या, "बाय, आज रिकाम्या हाती जा. शनिवारी या."

मी निघाले तेव्हा त्या सेलिनला बंदरावर पाठवत होत्या, संध्याकाळच्या लिलावात मध्यम आकाराची कोळंबी आली आहे का ते बघायला.