मेश्राम बाईंची बादली

मेश्राम बाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती चिखलात.

चिंचटेकच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. नागपुरात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. इस्त्रीची साडी, पायांत पांढरे सँडल. शाळेच्या आवारात सातवीची मुलं मातीत बसून काहीतरी थापत होती. मध्ये पदर खोचून एक बाई उभ्या होत्या, हातात पाण्याने भरलेली लोखंडी बादली. नमस्कार करायला मी पुढे झाले आणि त्याच क्षणी त्यांनी बादली ओतली. साडी, सँडल, सगळं गेलं. आमच्या कॉन्व्हेंटात वर्गात पेलाभर पाणी सांडलं तरी मदर ओळीत उभं करायच्या. इथे शिक्षिकाच बादली ओतत होत्या, आणि माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणत होत्या, "मॅडम, तुम्ही तलावात उभ्या आहात. जरा टेकडीवर या."

तो भूगोलाचा तास होता. दरवर्षी पावसाळ्याआधी सातवीच्या मुलांनी मातीचं चिंचटेक करायचं: टेकडी, तिच्या पायथ्याचा तलाव, तलावाचा बांध म्हणजे पाळ, खालची धानाची शेतं, बाजार, ढिवरपुरा, आणि सगळ्यांत खाली बौद्धवस्ती. मग बाई टेकडीवरून पाणी सोडायच्या. ज्याचं घर भिजेल त्याने उभं राहून सांगायचं, घर का भिजलं. पाठ्यपुस्तक त्यानंतर उघडायचं.

रामटेककडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं हे गाव मी पाहिलं ते बाईंच्या मागे चालत. पहिल्याच रविवारी त्यांनी मला पाळीवरून फिरवलं. भोसल्यांच्याही आधी, तलाव बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजाने बांधलेला तो तलाव. मासे ढिवरांचे, पाणी धानाचं, आणि पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी जायचं हे पाळीवर बसून ठरायचं. पाळीच्या एका टोकाला एक रुंद, मोकळा पट्टा होता. तिथे झाड नाही, झोपडी नाही. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन तिथे जमत, एरवी गुरं बसत. मी विचारलं, एवढी चांगली जागा रिकामी का? बाई म्हणाल्या, "ही सलंग. तलाव भरला की जास्तीचं पाणी इथून नाल्यात निघून जाते. इथं कोणी काही बांधत नाही, मॅडम. गावाची रीतच आहे."

त्याच वर्षी मला तापाने गाठलं. एकटी राहत होते. बाई मला सरळ आपल्या घरी बौद्धवस्तीत घेऊन गेल्या आणि ताप उतरेपर्यंत भाताची पेज पाजत राहिल्या. धम्मदीक्षेच्या वेळी वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेली ही मुलगी. त्या घरातून शिकून बाहेर पडलेली पहिली बाई. त्यांच्या आई माझ्या उशाशी बसून सांगायच्या, "तलाव फुगला का वरतून गडगड आवाज येते, पण पाणी आपल्याकडं येत नाही. सलंग हाये म्हणून आपून हाओत, पोरी."

वर्गात माझ्या पुस्तकी मराठीला मुलं हसायची. एकदा बाई दारातच येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हसून काहून राहिले? मॅडमले आपली बोली शिकवा, त्या तुमाले इंग्रजी शिकवतील." तेव्हापासून मी 'इंग्लिशबाई' झाले. आजही बाई मला त्याच नावाने हाक मारतात.

आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. हा गौरवग्रंथ त्यानिमित्तानेच निघतो आहे. पण ग्रंथ काढायचं ठरलं त्याआधी समितीने आणखी एक गोष्ट ठरवली होती, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

समिती म्हणजे बाईंचेच विद्यार्थी. अध्यक्ष दिवाकर, नागपुरात मिहानकडे बांधकामाची कामं घेतो, हाताखाली पुष्कळ माणसं. त्याच्याबरोबर रेखा, आता त्याच शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी ठरवलं, बाईंच्या नावाने गावात सभागृह बांधायचं. सत्कार म्हटलं की बाई नाही म्हणतात, म्हणून त्यांना कळू द्यायचं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाई नागपुरात लेकीकडे होत्या. त्यांना तिथेच गुंतवून ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने केलं. त्यांना घेऊन गांधीबागेच्या कापडबाजारात गेले, शाळेला पडदे हवेत म्हणून सांगितलं. बाईंनी दुकानदाराला तासभर घोळवून आकाशी निळं कापड निवडलं. स्वतःच्याच सभागृहाचे पडदे त्या निवडत होत्या, आणि मला हसू आवरत नव्हतं.

सभागृह कुठे उभं राहतंय हे मी विचारलंच नव्हतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा आम्ही त्यांना चिंचटेकला नेलं. गाडी पाळीजवळ थांबली. समोर भिंती छतापर्यंत चढलेल्या, दाराशी कोरलेला दगड, त्यावर बाईंचं नाव. आणि खाली सलंग. अख्ख्या सलंगेवर ती इमारत आडवी बसली होती.

दिवाकर हार घेऊन पुढे आला. बाईंनी तो घेतला नाही.

"काय बांधून राहिला गा हे?"

"हॉल आहे, बाई. तुमच्या नावाचा. सरप्राइज."

"जागा कोणी निवडली?"

"सगळ्यांनीच. मोकळी होती, बाई. गावाला लागून. कोणाचं अतिक्रमण नाही, कोणाचं भांडण नाही."

"आणि तू वं, रेखा?"

रेखा खाली पाहत म्हणाली, "तलाव किती वर्षांत भरलाच नाही, बाई. तिथं तर आमची पोरं क्रिकेट खेळतात."

या सगळ्यांनी सातवीत मातीची सलंग आपल्या बोटांनी कोरली होती. गावाची रीत इतकी नीट पाळली गेली होती की जागा रिकामी राहिली, आणि रिकामी का, तेच माणसं विसरली. ज्या एका व्यक्तीने सांगितलं असतं, तिच्यापासूनच तर सगळं लपवलं होतं.

बाई विटांच्या ढिगावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दिवाकर, तुले मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. मातीचं गाव शिकवलं, खरं गाव शिकवाचं राहूनच गेलं. काय केलं मी एवढी वर्षं?"

पंचाहत्तरीच्या सोहळ्यासाठी आणलेल्या त्या बाईंना आपलं सगळं आयुष्य वाया गेल्यासारखं वाटत होतं, आणि आम्ही हार हातात धरून उभे होतो.

तेवढ्यात रेखाने पदर खोचला. "बाई, बादली आणू?"

बाईंनी मान वर केली. रेखा बांधकामावरची बादली भरून घेऊन आली. दिवाकर पांढऱ्या शर्टानिशी मातीत बसला. इतर जण बसले. केस पिकलेली, पोट सुटलेली ती माणसं टेकडी थापू लागली, तलाव कोरू लागली. कोणी म्हणालं, "बाजार इकडं घे बे, तुही सासुरवाडी तिकडं आहे." बाईंच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. हात काही विसरले नव्हते. शेवटी दिवाकरने एक अर्धी वीट उचलली, जरा थांबला, आणि ती सलंगेवर आडवी ठेवली.

बाईंचा गुडघा अजून वाकत नव्हता. मी आणि रेखाने बादलीला हात लावला, पण तिरपी केली ती त्यांनीच.

पाणी टेकडीवरून उतरलं, तलाव भरला, आणि ते विटेशी अडलं. क्षणभर तिथेच फुगलं. मग पाळ फोडून सरळ खाली गेलं आणि बौद्धवस्ती विरघळली. सगळ्यांत आधी बाईंचं घर गेलं.

रीतीप्रमाणे ज्याचं घर भिजलं त्याने उभं राहायचं. बाई काठी टेकून उठू लागल्या. दिवाकर त्यांच्याआधी उभा झाला. हात मागे बांधून, सातवीतल्यासारखा.

"बसा, बाई. मी सांगतो, घर काहून भिजलं."

आणि त्याने सांगितलं. एकही मुद्दा सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःची यंत्रं लावून ती इमारत पाडली. देणगी देणारे काही जण रुसले, काही अजून बोलत नाहीत. विटा शाळेच्या नव्या खोलीला गेल्या. नावाच्या दगडाचं काय करायचं, असं बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ढिवरपुऱ्यात द्या, कपडे धुवाले कामी येईल." समितीचा जीव कासावीस झाला, पण दगड तिकडेच गेला.

बाईंचा सत्कार हिवाळ्यात सलंगेवरच होणार आहे, उघड्यावर. गांधीबागेतल्या त्या निळ्या कापडाचा मांडव घालायचा, आणि कार्यक्रम संपला की तो उतरवून जागा पुन्हा मोकळी करायची, एवढीच बाईंची अट आहे.

मेश्राम बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांचा गुडघा लवकर वाकू लागो. चिंचटेकचा तलाव पुन्हा काठोकाठ भरो, सलंगेवरून पाणी गडगडत निघून जावो, आणि खालच्या वस्तीतल्या आपल्या कोरड्या अंगणात बसून बाई तो आवाज ऐकोत. रेखाच्या शाळेतली सातवीची मुलं तोवर माती भिजवून ठेवतील. बादली मात्र बाईंनीच तिरपी करायची आहे, यंदाही आणि पुढे कितीतरी वर्षं.