मांडवात पडलेला हिरो

नव्या छपाईचा वास आला की दिंडोरीचा आमचा ओटा आठवतो. वडील दर महिन्याला नाशिकहून सुपरहिरोचं कॉमिक आणायचे. एकदा अंक संपला तेव्हा हिरो उंच मनोऱ्यावरून खाली कोसळत होता. मी रडकुंडीला आलो. “आता महिनाभर हा असाच पडत राहणार?” ताई म्हणाली, “रडतो काय? तो काय मरत नाय,” आणि पाठकोऱ्या कागदावर तिनं त्याला आमच्या द्राक्षांच्या मांडवात अलगद पाडला. लाल झगा तारेला अडकलेला, तोंडात द्राक्षं, आणि खालून काठी उगारून आई ओरडतेय, “मेल्या, घड मोडले ना!” पुढच्या अंकात तो खरा कसा वाचला, ते आज आठवतही नाही. पण आताही कधी पायाखालची जमीन सुटली, की मी आधी खाली मांडव शोधतो.